डावा पाय

पणजीची गाडी पहाटे साडेचारला लागली,
हुबळीची होती दुपारी अडीचला.
मधल्या दहा तासांचं काय करायचं
ते तिच्या बुटानं ठरवलं.

स्टँडच्या गेटातून ती आली
एक पाय टाकत, एक घासत,
पाठीवर तिच्याहून रुंद बोचकं.
उजव्या बुटाचा तळ टाचेपर्यंत सुटलेला,
पावलागणिक आ वासत होता
रेडकासारखा.

मी दुकान म्हणतो, तुम्ही पेटी म्हणाल.
तिनं फोन पुढं केला.
फोनातली बाई साफ हिंदीत बोलली,
"कृपया मेरे पैर का दरवाज़ा बंद कीजिए."
रसाच्या गाड्यावर घुंगरं बांधणारा इम्तियाज हसला.
मी नाही हसलो.
गिऱ्हाइकानं काम इतकं नेमकं
आजवर सांगितलं नव्हतं.

सोल्युशन लावून दाबून ठेवायचं, मग शिवायचं.
चार बोटं दाखवली, चार तास.
तिच्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर.
पेटीमागं सासने बाईंच्या चपला होत्या,
नव्या वाद्या घातलेल्या,
दहाला न्यायला येणार होत्या बाई.
त्या मी हिला दिल्या.
का दिल्या ते बायकोनं रात्री विचारलं,
तेव्हाही सांगता आलं नाही.

बोचकं माझ्यापाशी टाकून
ती करकर वाजत गेली.

दहाच्या ठोक्याला बाई हजर.
जिल्हा बँकेत अख्खी नोकरी केलेली बाई, वेळेची पक्की.
"अजून वाळतंय," म्हणालो.
आमच्या धंद्यात हे खोटं धरत नाहीत,
हवामान धरतात.

ती आली तेव्हा मी दोऱ्याला मेण लावत होतो.
फोटो दाखवले: गंगावेशीत म्हशीखालचं दूध,
ओठावर फेसाची मिशी.
घाटावर धुणं आपटणाऱ्या बायका, तेरा फोटो.
देवळाचा एकच, तोही रस्त्यावरून.
अंबाबाईच्या दारात चपला काढाव्या लागतात,
आणि चपला दुसऱ्याच्या.
हरवल्या असत्या तर?

मग तिनं सोल्युशनचा डबा उचलून
वास घेतला, डोळे मिटून,
जसं कुणी माहेरच्या पिठाचा घेतं.
"चार साल. जिनजियांग. दूसरी लाइन. बायाँ पैर."
मला कळेना. तिनं हातानं करून दाखवलं.
पट्टा सरकतो. ब्रश, तळ, दाब, सोड.
ब्रश, तळ, दाब, सोड.
ही फक्त डावे करायची.
उजवे समोरची, जिचं नाव
यंत्राच्या आवाजात कधी ऐकूच आलं नाही.

बोटांची टोकं पुढं केली. गुळगुळीत,
रेघ म्हणून नाही.
मी माझा अंगठा शेजारी धरला,
जो रेशनच्या मशीनवर तीनतीनदा दाबला
तरी मी मीच आहे
हे कबूल करत नाही.
इम्तियाज म्हणाला, काय, लग्न लावताय काय?

बुटाकडं बोट करून विचारलं, तुझा?
तिनं डावा उचलला, उलटा केला, वाकवला.
शाबूत.
"दायाँ मेरा नहीं है," फोनातली बाई म्हणाली
आणि दोघीही जरा ताठ बसल्या.
खरं तर डावाही कुणाचा, कुणास ठाऊक.
तिकडं म्हणे असे कारखाने उसाच्या फडासारखे,
एकाला एक लागून.

शेवटचे चार टाके तिनं मागून घेतले.
आरी चुकीची धरली, तरी टाके बसले,
वाकडे आणि घट्ट.
उजव्या पायात तिचे पहिले.

साठ रुपये सांगितले, साठ घेतले.
फुकट केलं असतं
तर ते पाहुणीचं काम झालं असतं.

हुबळी पाऊण तास उशिरा लागली.
तेवढा वेळ ती बोचक्यावर डोकं टेकून झोपली,
बूट घालून.

सासने बाई आठवड्यानं पुन्हा आल्या.
काम चांगलं झालंय म्हणाल्या, पण
चालताना जरा पुढं ओढतंय.
नवीन वादी आहे, म्हणालो,
बसेल हळूहळू.